दोन ग्राफिक्स कार्डें व एक मदरबोर्ड

हिंगोली जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे वारकऱ्यास नरसीचे नामदेवमहाराज आठवतात, यात्रेकरूस औंढ्याचें नागनाथाचें प्राचीन देवालय आठवतें, आणि व्यापाऱ्यास वसमत व हिंगोली येथील बाजारांतली हळद आठवते. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून निराळा झालेला हा लहानसा जिल्हा आतां आणखी एका कारणानें जगाच्या नकाशावर येऊं घातला आहे. औंढा नागनाथ तालुक्यांत, दुधाळा गांवाच्या परिसरांत, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्र सरकारनें तिला १७ फेब्रुवारी २०१६ रोजीं तत्त्वतः मान्यता दिली, व एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटि रुपयांचा खर्च मंजूर केला. काटकोनांत पसरलेल्या चार चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांतून धांवणारा लेसरचा प्रकाश, आणि त्या प्रकाशाच्या साह्यानें अंतरांतील इतका सूक्ष्म फरक मोजावयाचा कीं प्रोटॉनच्या व्यासाचा हजारावा हिस्सा म्हटला तरी चालेल; असा हा खटाटोप आहे.

वेधशाळेची गोष्ट निघाली म्हणजे विद्यार्थी आरशांविषयीं विचारतात, लेसरविषयीं विचारतात. परंतु त्या आरशांच्या अखंड थरथरण्यांतून आकाशांतला एक क्षीण संकेत निवडून काढणें हें काम संगणकांचें आहे. आणि त्यांतील पुष्कळसें काम हल्लीं ज्या वस्तूकडून करून घेतां येतें ती वस्तु म्हणजे खेळांच्या हौसेसाठीं जन्मास आलेलें ग्राफिक्स कार्ड. हें कळतांच पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “आमच्या संगणकांत एक कार्ड आहे, दुसरें बसविलें तर काम दुप्पट होईल काय?” या प्रश्नाचें उत्तर कार्डाच्या खोक्यावर छापलेलें नसतें. तें मदरबोर्डांत, व विशेषेंकरून त्यावरील चिपसेटांत, दडलेलें असतें. पालकांनीं पोटाला चिमटा घेऊन दुसऱ्या कार्डासाठीं दिलेला पैसा कामीं येतो कीं वायां जातो, हें बहुधा याच गोष्टीवर ठरतें. म्हणून ती नीट उलगडून सांगावी, असें आम्हांस वाटलें.

ग्राफिक्स कार्डाचें मूळचें काम पडद्यावर चित्र उमटविण्याचें. पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या साध्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, व खेळ चालू असतांना त्या प्रत्येकाचा रंग सेकंदांत साठ साठ वेळां नव्यानें ठरवावा लागतो. एका ठिपक्याचा हिशेब शेजारच्या ठिपक्यावर फारसा अवलंबून नसतो. म्हणून ह्या कार्डावर लहान लहान गणकांची मोठी पलटण बसविलेली असते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा कसबी सोनारासारखा आहे. कितीहि नाजूक काम द्या, तो विचार करून तें पार पाडतो, पण एका वेळीं थोडेंच. ग्राफिक्स कार्ड हें कापूस वेचणाऱ्या टोळीसारखें आहे. प्रत्येकीनें आपली ओळ धरावी व शेजारणीला न विचारतां वेचीत जावें. काम सोपें, परंतु हात हजार. जें गणित अशा ओळींत वांटून देतां येतें तें ह्या टोळीकडून फार लवकर उरकतें, हें शास्त्रज्ञांनीं ओळखलें. आणि २००७ सालीं एनव्हिडिया कंपनीनें ‘कूडा’ ही प्रोग्राम लिहिण्याची पद्धति बाजारांत आणल्यावर चित्राचें कार्ड उघडपणें गणिताचें कार्ड झालें.

टोळी कितीहि मोठी असो, तिला शेतावर नेण्यास रस्ता पाहिजे. मदरबोर्ड म्हणजे अशा रस्त्यांचीच पाटी होय. प्रोसेसर, मेमरी, डिस्क व कार्डें हीं सर्व तिच्यावर बसतात, आणि तिच्या पोटांतून तांब्याच्या बारीक वाटा एकापासून दुसऱ्याकडे गेलेल्या असतात. कार्ड ज्या खांचेंत बसतें तिला स्लॉट म्हणतात. स्लॉटापासून निघणाऱ्या वाटांस लेन असें नांव आहे. पीसीआय एक्सप्रेस नांवाच्या सांप्रतच्या पद्धतींत प्रत्येक लेनमध्यें तारांच्या दोन जोड्या असतात, एक जाण्याची व एक येण्याची. २००४ सालीं पहिल्या पिढीची लेन आली, तेव्हां तिच्यांतून सेकंदास २५० मेगाबाइट माहिती एका दिशेनें जात असे. दुसऱ्या पिढींत हा वेग ५०० झाला, तिसऱ्या पिढींत सुमारें ९८५, चौथ्या पिढींत त्याच्याहि दुप्पट. ग्राफिक्स कार्डास अशा सोळा लेन देण्याचा प्रघात आहे. तिसऱ्या पिढीच्या सोळा लेन म्हणजे सेकंदास पावणेसोळा गीगाबाइट, आठ म्हणजे त्याच्या निम्मे, व चार म्हणजे जेमतेम चार गीगाबाइट.

येथें नवशिक्या गिऱ्हाइकाची पहिली फसगत होते. मदरबोर्डावर दोन लांब स्लॉट दिसले कीं तो समजतो, दोन कार्डांची सोय आहे. आमच्या पूर्णा-अकोला लोहमार्गावरील एखाद्या स्टेशनाचा विचार करा. फलाट चोवीस डब्यांचा बांधला म्हणून त्या मार्गावरून दुप्पट गाड्या धांवत नाहींत. रूळ एकेरी आहे कीं दुहेरी, यावर तें ठरतें. स्लॉटाची लांबी म्हणजे फलाटाची लांबी. त्याच्या मागें सोळा लेनांच्या तारा जोडल्या आहेत, आठांच्या कीं चारांच्याच, हें वरून दिसत नाहीं. पुष्कळ मदरबोर्डांवरील दुसरा लांब स्लॉट हा आंतून चारच लेनचा असतो. कार्ड त्यांत व्यवस्थित बसतें, पंखा फिरतो, दिवा लागतो, आणि माहिती मात्र अरुंद वाटेनें रांगत येते. एक गोष्ट चांगली आहे. मीटर गेजचा डबा ब्रॉड गेजवर चालत नाहीं, हें आमच्या भागांतल्या वडील मंडळींस अनुभवानें ठाऊक आहे. पीसीआय एक्सप्रेस मात्र याबाबतींत समजूतदार आहे. जुनें कार्ड नव्या स्लॉटांत, किंवा नवें कार्ड जुन्या स्लॉटांत घातलें असतां दोघें मिळून जी पिढी व जितक्या लेन दोघांसहि झेपतील तेवढ्यांवर तडजोड करितात. म्हणजे काम अडत नाहीं, पण कमी झालेला वेग कोणी सांगतहि नाहीं.

आतां ह्या लेन येतात कोठून? कांहीं प्रोसेसरांतून थेट निघतात व कांहीं चिपसेटांतून. चिपसेट म्हणजे मदरबोर्डावरील कारभारी चिप. डिस्क, यूएसबी, नेटवर्क, ध्वनि अशा सर्वांची ये-जा ती सांभाळते. पूर्वीं हिचे दोन भाग असत. त्यांतील प्रोसेसराच्या जवळचा भाग मेमरी व ग्राफिक्स यांचा व्यवहार पाही, दूरचा भाग किरकोळ मंडळींचा. २००९ सालीं इंटेलनें ग्राफिक्सच्या सोळा लेन प्रोसेसराच्याच पोटांत घातल्या, आणि चिपसेट एकाच चिपचा उरला. मात्र चिपसेटाकडून निघणाऱ्या लेन व प्रोसेसराकडून निघणाऱ्या लेन यांची योग्यता सारखी नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालीं ज्यांची शेती आहे त्यांस हें सांगावयास नको. कालव्याला नवी चारी फोडली, तिला आणखी पोटचाऱ्या काढल्या, तरी मुख्य कालव्यांतून येणारें पाणी तेवढेंच. चिपसेटापासून चौदा काय, वीस काय, वाटेल तितक्या लेन फुटोत. चिपसेट व प्रोसेसर यांना जोडणारा दुवा एकच असतो, व इंटेलच्या अनेक पिढ्यांत तो अवघ्या चार लेनांच्या योग्यतेचा होता. दुसरें कार्ड ह्या चारींवर बसविलें कीं त्याला डिस्क, नेटवर्क व यूएसबी यांच्याबरोबर पाळीपाळीनें पाणी घ्यावें लागतें.

दोन कार्डें जोडण्याची कल्पना मात्र पीसीआय एक्सप्रेसपेक्षां जुनी आहे. १९९८ सालीं थ्रीडीएफएक्स कंपनीचें ‘वूडू २’ हें कार्ड निघालें. तशीं दोन कार्डें साध्या पीसीआय स्लॉटांत बसवून तारेनें जोडलीं, म्हणजे एक कार्ड पडद्यावरील विषम ओळी रंगवी व दुसरें सम. त्यासाठीं चिपसेटाची निराळी परवानगी लागत नसे. परंतु त्याच सुमारास, म्हणजे १९९७ पासून, इंटेलनें ग्राफिक्ससाठीं एजीपी नांवाचा वेगळा वेगवान स्लॉट प्रचारांत आणला, आणि तो मदरबोर्डावर सामान्यतः एकच असे. वेग वाढला व जोडी फुटली. पुढें २००४ सालीं पीसीआय एक्सप्रेस आल्यावर एनव्हिडियानें जुनेंच ‘एसएलआय’ हें आद्याक्षरनाम नव्या अर्थानें घेतलें, व त्याच वर्षीं ‘एनफोर्स ४ एसएलआय’ हा चिपसेट काढला. त्याच्या कांहीं मदरबोर्डांवर दोन स्लॉटांच्या मध्यें बोटाएवढी एक पट्टी असे. ती एका बाजूनें घातली तर सोळा लेन एका स्लॉटाला मिळत. उलटवून घातली तर आठ एकास व आठ दुसऱ्यास. पाणी वांटणाऱ्या पाटकऱ्याचें काम ती पट्टी करीत असे. आम्हांस तो काळ शिकवितांना फार सोयीचा वाटतो, कारण जें आज चिपच्या आंत अदृश्यपणें घडतें तें तेव्हां हातांत धरून दाखवितां येत असे.

एटीआय कंपनीनें २००५ सालीं ‘क्रॉसफायर’ नांवाची आपली पद्धति आणली, आणि येथून चिपसेटाचा प्रश्न केवळ तारांचा न राहतां परवानगीचाहि झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला इंटेलचा ‘९७५ एक्स’ हा चिपसेट सोळा लेनांचे आठ-आठ असे दोन भाग करूं शके. त्यावर क्रॉसफायर चालत असे. एसएलआयसाठीं लागणाऱ्या वाटाहि होत्या. पण एनव्हिडियाचा ड्रायव्हर तो चिपसेट पाहून जोडी जमवूं देत नसे, कारण एसएलआय पाहिजे तर आमचाच चिपसेट घ्या, असें तिचें धोरण होतें. २००८ सालीं इंटेलचा ‘एक्स ५८’ आला, तेव्हां हें धोरण सैल झालें. मदरबोर्ड बनविणाऱ्यानें आपला बोर्ड एनव्हिडियाकडे तपासणीस पाठवावा, परवान्याचें शुल्क भरावें, व मग बोर्डाच्या बायॉसमध्यें एक खूण ठेवली जावी. ती खूण दिसली कीं ड्रायव्हर दोन कार्डांस एकत्र काम करूं देई. म्हणजे एकाच चिपसेटाचे दोन मदरबोर्ड, वाटा त्याच, आणि एकावर जोडी चाले व दुसऱ्यावर चालत नसे. व्यापाराच्या दृष्टीनें याचें समर्थन करतां येईल. विद्येच्या दृष्टीनें आम्हांस तें कधीं पटलें नाहीं.

लेन प्रोसेसरांत गेल्यावर चिपसेटाचें महत्त्व संपलें असें कोणास वाटेल. तसें झालें नाहीं. इंटेलचा ‘पी ५५’ चिपसेट असेल तर प्रोसेसराच्या सोळा लेन आठ-आठ अशा वांटतां येत. ‘एच ५५’ असेल तर सोळाहि एकाच स्लॉटाकडे. प्रोसेसर तोच, वाटाहि त्याच्याच, परंतु त्या फोडण्याची मुभा चिपसेटाच्या दर्जावर. हीच तऱ्हा पुढें अनेक वर्षें चालली. २०१२ च्या पिढींत ‘झेड ७७’ ला वांटणी करतां येई, ‘बी ७५’ ला येत नसे. एएमडीच्या बाजूस २०१७ सालीं ‘एक्स ३७०’ ला ती मुभा होती, ‘बी ३५०’ ला नव्हती, व पुढील वर्षाच्या ‘बी ४५०’ लाहि नव्हती. ह्या शेवटच्या दोन चिपसेटांच्या मदरबोर्डांवर दुसरा लांब स्लॉट बहुधा चिपसेटाच्या, दुसऱ्या पिढीच्या चार लेनांचा असे. क्रॉसफायर चार लेनांवरहि भागवून घेई. एसएलआयला मात्र प्रत्येक कार्डामागें निदान आठ लेन पाहिजेतच, असा दंडक होता. म्हणून त्याच मदरबोर्डावर दोन एएमडी कार्डें एकत्र नांदत, आणि दोन एनव्हिडिया कार्डें शेजारीं बसूनहि परकीं राहत.

प्रोसेसर बदलल्यानेंहि स्लॉटांचें रूप पालटतें, याचें उत्तम उदाहरण २०१४ सालचा ‘एक्स ९९’ होय. त्यावर ‘आय सेव्हन ५९३०के’ बसविला तर प्रोसेसराकडून ४० लेन मिळत, व थोड्या स्वस्तांतला ‘५८२०के’ बसविला तर २८. ज्यानें दोन कार्डें पूर्ण सोळा-सोळा लेनांवर चालवावयाचीं ठरविलीं होतीं, त्याची त्या स्वस्ताईनें निराशा होई. तसेंच एएमडीचे ‘२४००जी’ सारखे, पोटांत चित्रयंत्रणा असलेले प्रोसेसर ग्राफिक्ससाठीं आठच लेन देतात. मग मदरबोर्ड वांटणी करणारा असला तरी वांटावयास पुरेसें उरत नाहीं. शिवाय कांहीं मदरबोर्डांवर एम-दोन प्रकारची डिस्क बसवितांच खालचा स्लॉट मुकाट्यानें बंद होतो, कारण दोघांची वाट एकच. हें सारें मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत एका लहानशा कोष्टकांत छापलेलें असतें. तें कोष्टक कोणी वाचीत नाहीं, आणि खरेदीपूर्वीं वाचण्यासारखें त्या पुस्तिकेंत दुसरें कांहीं नसतें.

हें सर्व जमूनहि खेळाचा वेग दुप्पट होई काय? क्वचितच. दोन कार्डें बहुधा चित्रें आळीपाळीनें काढीत. एक चित्र पहिल्याचें, पुढचें दुसऱ्याचें. दोघांचा मेळ किंचित् चुकला कीं पडद्यावरील हालचाल अडखळल्यासारखी दिसे. दोन्ही कार्डांवर आठ-आठ गीगाबाइट मेमरी असली तरी ती सोळा होत नसे, कारण तेंच सामान दोघांनाहि आपापल्या घरीं भरून ठेवावें लागे. आणि खेळ लिहिणाऱ्यांनीं मुद्दाम सोय केली नसेल तर दुसरें कार्ड स्वस्थ बसून राही. हळूहळू ही प्रथा मावळली. एनव्हिडियानें १ जानेवारी २०२१ नंतर खेळांसाठीं एसएलआयच्या नव्या सोयी देण्याचें थांबविलें. २०२० च्या ‘आरटीएक्स ३०९०’ ह्या खेळाच्या कार्डावर जोडणीची खांच होती, व २०२२ च्या ‘४०९०’ वर तीहि राहिली नाहीं. तेव्हां खेळासाठीं आज कोणी दुसरें कार्ड घ्यावयास सांगेल तर त्याचें ऐकूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याच पैशांत एकच बरें कार्ड घ्यावें.

गणितासाठीं मात्र गोष्ट निराळी. तेथें एसएलआय लागत नाहीं, परवान्याची खूण लागत नाहीं, दोन कार्डें एकाच जातीचीं असण्याचीहि सक्ति नाहीं. प्रोग्रामला प्रत्येक कार्ड स्वतंत्र दिसतें, व काम कसें वांटावयाचें तें प्रोग्राम लिहिणारा ठरवितो. येथें चिपसेटाविषयींचा प्रश्न नव्या रूपानें उभा राहतो: ह्या कार्डांना एकमेकांशीं, आणि मेमरीशीं, किती वेळां बोलावें लागणार आहे?

लायगोचेंच काम घ्या. तेथील प्रत्येक शोधकयंत्रांतून दर सेकंदास १६,३८४ आंकडे बाहेर पडतात. म्हणजे दिवसास सुमारें १४१ कोटि. त्यांत बहुतेक सर्व गोंगाट. त्यांतून दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा संकेत कसा ओळखावा? ज्या पद्धतीनें तो ओळखतात तिची ह्या क्षेत्रांतील पायाभरणी करणाऱ्यांत पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंतील प्रा. संजीव धुरंधर व बी. एस्. सत्यप्रकाश हे आहेत. त्यांचा त्याविषयींचा निबंध १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकारानें १९८८ सालीं स्थापन झालेल्या ह्या संस्थेचा लायगो-इंडियांत आजहि मोठा वाटा आहे. पद्धति अशी: निरनिराळ्या वस्तुमानांच्या जोड्यांपासून कशा आकाराची लहर निघेल, याचे नमुने आधींच गणितानें करून ठेवावयाचे, आणि प्रत्येक नमुना आलेल्या आंकड्यांवर ताडून पाहावयाचा. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली लहर सांपडली, त्या वेधसत्रांत असे सुमारें अडीच लक्ष नमुने होते. एक नमुना ताडतांना दुसऱ्या नमुन्यास कांहीं विचारावें लागत नाहीं. हें कापूस वेचण्याचेंच काम झालें. कार्डाच्या मेमरींत आंकड्यांचा तुकडा एकदां नेऊन ठेवला कीं त्यावर हजारों नमुने तेथल्या तेथें ताडतां येतात; वाटेवरची रहदारी थोडी. अशा कामास दुसरें कार्ड आठ लेनांवर, किंबहुना चार लेनांवर बसविलें तरी तें आपलें वेतन बहुतांशीं चुकतें करतें. लायगोच्या शोधासाठीं वापरावयाच्या प्रोग्रामांपैकीं ‘पायसीबीसी’ ग्राफिक्स कार्डावर चालूं शकतो, आणि ‘स्पीर’ नांवाचा तर कार्डांचाच आधार घेऊन, लहर आल्यापासून थोड्या सेकंदांत तिची वार्ता देण्यासाठीं रचलेला आहे.

ही घाई कशासाठीं, असें कोणी विचारील. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली, आणि तिच्यामागून सुमारें १.७ सेकंदांनीं गामा किरणांचा झोत आला. मग जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेस वळल्या व विझत जाणारा तो प्रकाश त्यांनीं टिपला. गणितास उशीर होतो तितका तो प्रकाश मंदावतो. लहर कोणत्या दिशेनें आली हें ठरविण्यास यंत्रें एकमेकांपासून दूर दूर पाहिजेत. अमेरिकेंतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन यांच्यामध्यें सुमारें ३,००० किलोमीटर अंतर आहे. औंढ्याचें यंत्र पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूचें, म्हणून त्याची किंमत मोठी.

याच्या उलट स्वभावाचीं कामें आहेत, आणि तेथें लेनांचा पै-पैचा हिशेब करावा लागतो. हवामानाचा अंदाज किंवा यंत्राला भाषा शिकविणें यांसारख्या कामांत प्रत्येक पावलानंतर सर्व कार्डांना आपापलें उत्तर इतरांस कळवावें लागतें. दहा माणसें मिळून एकच पत्र लिहूं लागलीं, तर लिहिण्यापेक्षां विचारपूसच फार. तसें हें आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें ह्या अडचणीचा विचार फार पूर्वींच केला होता. १९८८ सालीं विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं संस्था निघाली, व १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक तिनें सिद्ध केला. त्यांत ट्रान्सप्युटर नांवाचे प्रोसेसर होते. त्या प्रत्येकाला शेजाऱ्यांशीं थेट बोलण्यासाठीं चार दुवे जन्मतःच दिलेले असत. मध्यस्थ चिपसेटाची गरजच ठेवली नव्हती. त्याच संस्थेचा ‘परम सिद्धि-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्यें जगांतील महासंगणकांच्या यादींत ६३ व्या क्रमांकावर आला. त्याच्या प्रत्येक पेटींत आठ ‘ए १००’ कार्डें असतात. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या सोळा लेनांतून दोन्ही दिशा मिळून सेकंदास सुमारें ६३ गीगाबाइट जातात. परंतु ह्या आठ कार्डांमध्यें एनव्हीलिंक नांवाची वेगळी वाट घातलेली असून तिच्यावर प्रत्येक कार्डाला ६०० गीगाबाइटची मुभा आहे. ह्या पेटींतील प्रोसेसर एएमडीचे ‘एपिक’ जातीचे असतात, ज्यांना एकेकास १२८ लेन असतात. घरच्या संगणकाच्या सोळा लेनांशीं ताडून पाहिलें म्हणजे घरचा मदरबोर्ड कोणत्या कामासाठीं केलेला आहे व कोणत्या नाहीं, हें आपोआप उमगतें.

असो. आतां घरच्या गोष्टी. दुसरें कार्ड घ्यावयाचें ठरलेंच असेल तर लेनांखेरीज वीज व उष्णता यांचाहि विचार करावा. स्लॉटांतून कार्डास फार तर ७५ वॅट वीज मिळते. उरलेली वेगळ्या तारांनीं द्यावी लागते. ‘३०९०’ सारखें एकच कार्ड ३५० वॅट खातें. दोन कार्डें अंगाला अंग लावून बसविलीं तर वरच्याचा पंखा खालच्याची तप्त हवा ओढतो. आमच्याकडील वैशाखांत खोलींतलीच हवा चाळीस अंशांवर असते, तेथें कार्ड आपला वेग आपणच कमी करून जीव वांचवितें. दोन स्लॉटांमध्यें एका स्लॉटाची तरी मोकळी जागा असलेला मदरबोर्ड पाहावा. हल्लीं महागांतल्या झेड वर्गाच्याहि पुष्कळ मदरबोर्डांवर दुसरा लांब स्लॉट चिपसेटाच्या चार लेनांचाच असतो, म्हणून नांवावर विसंबून न राहतां कोष्टक पाहावें.

कार्ड बसविल्यावर लेन खरोखर किती मिळाल्या हेंहि पाहतां येतें. विंडोजवर ‘जीपीयू-झेड’ नांवाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यांत कार्डाची पात्रता व प्रत्यक्ष मिळालेल्या लेन शेजारीं शेजारीं दिसतात. कार्ड रिकामें असतां वीज वांचविण्यासाठीं तें खालच्या पिढीच्या वेगावर उतरतें, तेव्हां तो आंकडा पाहून घाबरूं नये. कार्डावर कांहीं काम घालून मग पाहावा. सोळांच्या जागीं आठ किंवा चार दिसल्या, तर प्रथम कार्ड काढून, खांच स्वच्छ करून पुन्हां नीट बसवावें, मग एम-दोनची डिस्क हलवून पाहावी, मग बायॉसमध्यें वांटणीचा पर्याय शोधावा.

आणि ज्या विद्यार्थ्यास लायगोचें गणित स्वतः करून पाहावयाचें आहे, त्यानें एकाहि नव्या कार्डाची वाट पाहूं नये. लायगोच्या जुन्या वेधांचे आंकडे सर्वांस खुले आहेत. १४ सप्टेंबर २०१५ च्या लहरीभोंवतालची ३२ सेकंदांची फाईल, सेकंदास ४,०९६ आंकड्यांच्या हिशेबानें, अवघ्या १,३१,०७२ आंकड्यांची आहे. ती शाळेंतील साध्या संगणकावर, कोणतेंहि ग्राफिक्स कार्ड नसतांना, उघडते; आणि गोंगाट गाळून काढल्यावर एका सेकंदाच्या पांचव्या हिश्श्याएवढी ती लहर कागदावर आंखूनहि दाखवितां येते.